खंडेनवमीनंतरचं तेल

मळा, दिंडोरी
३० ऑक्टोबर १९८२

मथुराताई,

तुमच्या वहिनीचा, लंकाचा, नमस्कार. आधी ख्यालीखुशाली लिहायची असते म्हणून लिहिते. आत्याबाई बऱ्या आहेत, फक्त तुमच्या लग्नाच्या नावाने दिवसातून दोनदा सुस्कारा सोडतात. पोरी शाळेत जातात. तुमच्या दादांच्या पायाचं प्लास्टर अजून महिनाभर निघणार नाही, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. मांडवाच्या तारा ओढताना पडलेला माणूस आता खाटेवर पडून साऱ्या मळ्याला हुकूम सोडतो. तेवढंच करमतं त्यांना.

आता खरं कारण. फवारणीचं इंजिन बिघडलं आहे. द्राक्षाची छाटणी होऊन बाग फुटली, सकाळी दव पडतं, आणि नेमकं आत्ताच हे. दसऱ्याच्या वेळी आपल्या झुंबर गड्याने तेल बदललं, तेव्हापासून धूर निळा येतो. बाजूच्या भोकातून तेल ठिबकतं, इंजिन तापतं आणि पंपाला जोर मिळत नाही. अर्ध्या ओळीत औषधाची धार मान टाकते.

सहादूभाऊजी बांधावरून बघत असतात. तुमचे चुलतभाऊ आहेत म्हणून जास्त लिहीत नाही. परवा खाटेपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "गोरखदादा, माझ्याकडं दोन मशिनं हायेत. बाग यंदा वाट्यानं माझ्याकडं दे. वहिनीचे हाल कशाला करतो?" तुमचे दादा लगेच हो म्हणाले नाहीत. पण रात्री मला म्हणाले, आता एकदा जरी फवारणी चुकली तर बाग सहादूला द्यायची. ताई, दोन वर्षं ही रोपं मी वाढवली. हुंड्यात आल्यासारखी (हसू नका) ती मला माझी वाटतात. एकदा वाट्याने गेलेली बाग परत हातात येते का, ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही इंजिनाचं शिकलात. काय करू ते लिहा.

तुमची,
लंका


भोसरी, पुणे
२ नोव्हेंबर १९८२

सौ. लंकावहिनी,

पत्र मिळालं. इंजिनाचं आधी लिहिते.

तेल बदलल्यावर इंजिन बिघडलं, तर बिघाड बहुधा तेल बदलण्यातच असतो. म्हणून आधी काही उघडू नका. रोज सकाळी इंजिन थंड असताना, गाडा सपाट जमिनीवर उभा करून, तेलाची काठी बाहेर काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग बघा तेल कोणत्या खुणेपर्यंत आहे. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते धरू नका. काठीवर आलेल्या तेलाचा वास घ्या. डिझेलचा वास येत असेल तर डिझेल आत गळतंय. तेल ताकासारखं पांढुरकं दिसत असेल तर पाणी गेलंय. नक्की कळत नसेल तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका. तडतडला तर पाणी.

खालच्या बोल्टाचं वाशर बघा. जुनं वाशर चिकटून राहतं आणि त्याच्यावरच नवं बसवलं जातं, असं पुष्कळदा होतं. झुंबरला तीन गोष्टी विचारा: तेल कोणत्या नंबरचं आणलं, जुनं तेल इंजिन गरम असताना काढलं की थंड असताना, आणि नवं किती घातलं. अंदाज नको. "भरपूर घातलं" हे उत्तर मला इथेही रोज मिळतं.

मी बरी आहे. कारखान्यात मी तयार भागांची मापं तपासते. एक पेटी नापास केली की चार माणसं येऊन म्हणतात, "बाई, केसभराचा फरक आहे, सोडा." दिवसाच्या शेवटी हात दुखत नाहीत, मान दुखते. आईला सांगा, सुस्कारे पोचतात.

मथुरा


मळा, दिंडोरी
६ नोव्हेंबर १९८२

मथुराताई,

तुम्ही लिहिलं तसं सगळं केलं. तव्याचंही केलं. चुलीवर तवा तापवला आणि काडीने थेंब सोडला, तर आत्याबाई मागून आल्या.

"अगं, भाकरीच्या तव्यावर डिझेल तळतेस का काय?"

"डिझेल नाय, ऑइल. मथुराताईंनी लिहिलंय."

"तिला म्हणावं, सासरी जाऊन तळ. इथं घर वासानं भरलं माझं."

थेंब तडतडला नाही. नुसता धूर झाला आणि तवा मला राखेने तीनदा घासावा लागला. तेलाला डिझेलचा वास नाही, रंगही काळसर तपकिरी, पांढरा नाही. वाशर एकच आहे, बोल्ट कोरडा आहे. तेल चाळीस नंबरचं, दरवर्षीचंच, नाशिकला द्वारका चौकाजवळच्या दुकानातून आणलेलं. जुनं तेल गरम असताना काढलं. किती घातलं, तर झुंबर म्हणतो काठीच्या वरच्या खुणेपर्यंत. माप नाही घेतलं, काठीवरच बघितलं, असं तो म्हणतो.

काठी रोज बघते. तीन दिवसांत तेल खुणेच्या बरंच खाली उतरलं, म्हणून पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरलं. भरल्यावर धूर आणखी वाढला. कालच्या फवारणीला वरच्या ओळी कशाबशा झाल्या, खालच्या राहिल्या. सहादूभाऊजी बांधावरून म्हणाले, "वहिनी, एवढा धूर कशाला? डास मारायचेत का?" मी म्हटलं, "हो, बांधावर लय झालेत." ते हसले. पण संध्याकाळी परत खाटेपाशी येऊन बसलेच.

तुमच्या दादांना मी सांगितलं, औषध सगळ्या बागेला झालं. हे तुम्हालाच लिहिते.

पिंपळगावचं स्थळ आलं होतं म्हणे तुमच्याकडे पुण्याला. काय झालं? आत्याबाई मला विचारतात, जशी काही मी तिथं होते.

लंका


भोसरी, पुणे
९ नोव्हेंबर १९८२

सौ. लंकावहिनी,

तुमच्या पत्रातल्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. तेल कमी होतं, असं काठी सांगते. पण निळा धूर, बाजूने गळणं, तापणं, जोर जाणं ही सगळी तेल जास्त झाल्याची लक्षणं आहेत. दोन्ही एकाच वेळी खरी असतील, तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतात आणि तेल वर चढून जळतं. पण इंजिन दोन वर्षांचं आहे. रिंगा आपोआप एवढ्यात जात नाहीत. तेल घालताना माती किंवा चुनखडी आत गेली असेल तर जातात. फवारणीचा चुना आणि मोरचूद त्याच गाड्यावर असतं.

तूर्त काठीच्या खुणेपर्यंत तेल ठेवा, कमी पडू देऊ नका. फवारणी तुकड्यांत करा, मध्ये इंजिन निवू द्या. झुंबर काय केलं ते नीट सांगत नाही, हे मला तुमच्या पत्रावरून दिसतं. तुम्ही त्याला पाठीशी घालता आहात असंही वाटतं. दादाला मी वेगळं लिहिते आहे.

पिंपळगावचे लोक येऊन गेले. मुलाने मला विचारलं, स्कूटरचं तेल किती दिवसांनी बदलायचं. मी सांगितलं. मग चहा झाला. त्याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दिवाळीला येणं जमणार नाही. कारखाना बंद असतो तेव्हाच मशिनांची तपासणी होते, आणि ती नव्या माणसांच्या वाट्याला येते.

मथुरा


भोसरी, पुणे
९ नोव्हेंबर १९८२

ती. दादास,

मथुराचा नमस्कार. पायाला जप.

फवारणीच्या इंजिनात बहुधा तेल बदलतानाच बिघाड झाला आहे. ज्याने तेल बदललं त्याला आपण काय केलं ते सांगता येत नाही. माझं मत असं की झुंबरला इंजिनापासून लांब ठेवावं. त्याच्या हातून विहिरीचं इंजिनही बिघडायला वेळ लागणार नाही.

बाग वाट्याने देण्याचा विचार या कारणासाठी करू नकोस. दोष वहिनींचा नाही, हाताखालच्या माणसाचा आहे.

मथुरा


मळा, दिंडोरी
१३ नोव्हेंबर १९८२

मथुराताई,

तुमचं पत्र दादांना मिळालं. त्यांनी झुंबरला खाटेपुढे उभं केलं आणि पत्रातली ओळ वाचून दाखवली. त्याने माझ्याकडे बघितलं फक्त. दादा म्हणाले, "उद्यापासनं येऊ नको." त्याने टोपी घातली, "बरं" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सहादूभाऊजींच्या बागेत नळी धरून उभा होता. हंगामभराचा शब्द त्याने तिकडे दिला.

ताई, झुंबरने तेल बदललं नाही. मी बदललं.

दरवर्षी तुमचे दादा बदलतात, मी शेजारी दिवा धरून उभी असते. यंदा त्यांचा पाय असा. मी म्हटलं, मी करू का? तर म्हणाले, "बाईनं इंजिनात हात घालायचा नाय, झुंबर करील." झुंबरला इंजिनाची भीती वाटते, तो फक्त नळी धरतो आणि औषध कालवतो. मग मीच केलं, आणि झुंबरला सांगितलं, विचारलं तर तू केलंस म्हण. तो हो म्हणाला. माझ्यासाठी म्हणाला. मला वाटलं, तेलाचं तर काम आहे, कोण विचारतंय. आणि नंतर तुम्हाला खरं लिहिलं असतं तर तुम्ही दादांना लिहिलं असतं, असं वाटलं. तुम्ही खोटं लिहीत नाही.

मी काय केलं ते आता सगळं लिहिते, काही गाळत नाही. अष्टमीला दोन्ही इंजिनांचं, विहिरीच्या आणि फवारणीच्या, जुनं तेल गरम असताना काढलं. खालचे बोल्ट घट्ट केले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे सगळी अवजारं पूजेला मांडतात, तशी आत्याबाईंनी मांडली: विळे, कोयते, छाटणीच्या कात्र्या, बोल्ट फिरवायचे पाने, दोन्ही इंजिनांच्या तेलाच्या काठ्यासुद्धा. त्या म्हणतात, इंजिन देवापुढं कुठं आणू, त्याची काठी तरी आणते. सगळं चिंच आणि राख लावून असं घासलं की कात्र्या नव्यासारख्या झाल्या. हळदकुंकू वाहिलं. पूजेच्या वस्तूंना दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून इंजिनं रिकामीच राहिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाट उचलला, काठ्या बसवल्या आणि पाच लिटरच्या डब्यातून दोन्हींना वरच्या खुणेपर्यंत तेल घातलं. दरवर्षी त्या एका डब्यात दोन्ही इंजिनं होतात आणि तळाशी थोडंसं उरतं. यंदाही तेवढंच उरलं. म्हणून मला वाटलं, सगळं बरोबर झालं. माती गेली नाही. नवं फडकं लावून गाळून घातलं होतं, देवाशपथ.

विहिरीच्या इंजिनाचं काही दुखणं नाही. ते बिचारं गुपचूप चालतं. सध्या दिवसभर बागेला पाणी तेच देतंय.

आता नळी धरायला माणूस नाही. आज धनत्रयोदशी, कुणी मजूर मिळणार नाही. झुंबरच्या घरी जाऊन मी काय सांगू, ते मला सुचत नाही. तुमच्यावर राग नाही. तुम्हाला जे लिहिलं त्यावरून तुम्ही बरोबरच लिहिलंत.

लंका


तार
भोसरी, १८ नोव्हेंबर १९८२

गोरक्ष बोरस्ते, मळा, दिंडोरी

विहिरीचे इंजिन ताबडतोब बंद ठेवा. पत्र येत आहे. मथुरा


भोसरी, पुणे
१८ नोव्हेंबर १९८२

सौ. लंकावहिनी,

दिवाळीमुळे तुमचं पत्र आज मिळालं. तार आधी पोचली असेल.

तुम्ही तेल नीट बदललं. काठ्या बदलल्या गेल्या.

दोन्ही इंजिनं एकाच कंपनीची आहेत, काठीचं भोक सारखं, मूठ सारखी. पण चेंबरची खोली वेगळी, म्हणून काठीची लांबी वेगळी. एरवी विहिरीची काठी जुनी आणि काळी, फवारणीची नवी, त्यामुळे ओळखू येत होत्या. आईने चिंच आणि राख लावून दोन्ही चकचकीत केल्यावर ती खूण गेली. पाटावरून उचलताना कोणालाही कळलं नसतं.

आता हे असं बघा. फवारणीच्या इंजिनात आखूड काठी गेली आहे. ती तेलापर्यंत उशिरा पोचते, म्हणून तेल पुरेसं झालं तरी ती "कमी" सांगते. तुम्ही भरत गेलात. तेल इतकं झालं की आतला दांडा ते घुसळू लागला. फेस, निळा धूर, गळणं, तापणं, सगळं त्यामुळे. भरल्यावर धूर वाढला, हे तुम्ही मला सहा तारखेला लिहिलं होतं. मी तरीही भरायला सांगितलं. रिंगा ठीक असतील.

विहिरीच्या इंजिनात उलट झालं आहे. लांब काठी खालपर्यंत जाते, तेल थोडं असलं तरी "पूर्ण" सांगते. एका डब्यात दोन्ही झाली, कारण एकात जितकं जास्त गेलं तितकंच दुसऱ्यात कमी गेलं. बेरीज जुळली. फवारणीचं इंजिन ओरडतंय, पण त्याला फारसा धोका नाही. विहिरीचं मात्र तीन आठवडे दिवसभर अपुऱ्या तेलावर चालतंय. ते ओरडत नाही. त्यात एकदा ठोका सुरू झाला की पुढे आवाज होतो तो शेवटचाच.

दोन्ही काठ्या बाहेर काढून एकमेकींशेजारी ठेवा. दोन बोटांचा तरी फरक दिसेल. लांब फवारणीची, आखूड विहिरीची. दोन्हींचं तेल पूर्ण काढा, ज्याच्या त्याच्या काठीने पुन्हा भरा. विहिरीच्या इंजिनातून निघालेलं तेल पांढऱ्या कापडावर गाळा. चकाकणारी कणी दिसली तर ते सुरू करू नका, बेअरिंग उघडून घ्या. कणी नसेल तर हाताने चाक फिरवून बघा, अडकतंय का.

झुंबरबद्दल. मी दादाला जे लिहिलं ते चुकीच्या माहितीवर होतं, पण लिहिलं मीच. आज दादालाही पत्र टाकलं आहे. काठ्यांची अदलाबदल झाली आणि झुंबरचा दोष नाही, एवढं त्यात आहे. तेल कोणी बदललं, हे मी लिहिलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यात खोटंही लिहिणार नाही आणि तुमच्या आधी खरंही लिहिणार नाही.

फार लिहिलं. आज कोणालाच काही समजावून सांगायचं त्राण नव्हतं, पण हे पत्र थांबवता येत नव्हतं.

मथुरा


मळा, दिंडोरी
२३ नोव्हेंबर १९८२

मथुराताई,

तुमची तार आली तेव्हा काय झालं, ते आधी ऐका. पोस्टमन सायकल टाकून लांबूनच ओरडला, "तार! तार!" तार म्हटल्यावर आत्याबाईंनी तिथेच बसून हंबरडा फोडला. त्यांना वाटलं, तुमचंच काही झालं. शेजारच्या बायका धावल्या, सहादूभाऊजी आले, सगळे खाटेभोवती. तुमच्या दादांना खाटेवरून उठता येईना, म्हणून तार सहादूभाऊजींनी घेतली आणि वाचली. वाचून पालथी केली, मागे काही आहे का ते बघितलं.

"कोण गेलं रे?" आत्याबाई.

"कुणी नाय गेलं काकू. विहिरीचं इंजिन बंद ठेवा म्हणती."

"कुणाचं इंजिन?"

"आपलं. म्हणजे तुमचं." मग ते हसायला लागले. "पुण्यातनं बटण दाबती का काय ही?"

मी ऐकायला थांबले नाही. विहिरीवर पळत गेले. इंजिन चालू होतं. बारकासा टक टक आवाज येत होता, ताई. दिवसभर मी तिथूनच येत-जात होते आणि मला तो कधी ऐकू आला नव्हता. डिझेलचा नळ बंद केला. बंद झाल्यावर हात लावला तर चटका बसला.

परत आले तर सगळे तिथेच उभे. दादा म्हणाले, "विहिरीच्या इंजिनाला काय झालं? ते तर झुंबरनं बिघडवलं नव्हतं." तुमचं पत्र तेव्हा आलं नव्हतं. काठ्यांचं मला माहीत नव्हतं. पण मी सगळ्यांपुढे सांगितलं की तेल मी बदललं, दोन्ही इंजिनांचं, आणि झुंबरला माझ्यासाठी खोटं बोलायला लावलं.

सहादूभाऊजी म्हणाले, "बघ दादा, मी सांगत होतो." दादा म्हणाले, "तू घरी जा आता." मला वाटलं, मलाच म्हणाले. ते सहादूभाऊजींना म्हणाले होते. पण माझ्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. दोन्ही काठ्या ओट्यावर ठेवल्या. फरक दिसला. आत्याबाई शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी घासल्या म्हणून झालं का?" मी म्हटलं, "नाय, मी उलट्या बसवल्या म्हणून." त्या आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. विहिरीच्या तेलात बारीक कणी निघाली. दिंडोरीहून मिस्त्री आला, बेअरिंग बदललं. म्हणाला, अजून दोन दिवस चाललं असतं तर दांडाच तुटला असता.

फवारणीचं त्याच संध्याकाळी नीट भरलं. धूर नाही. धार सरळ मांडवाच्या टोकापर्यंत. पण नळी कोण ओढणार? मी झुंबरच्या घरी गेले. त्याच्या बायकोदेखत सांगितलं, माझ्यामुळे झालं. तो म्हणाला, "वहिनी, तुमचा राग नाय. पण शब्द दिलाय तिकडं. आणि त्या पत्रातली ती ओळ लय लागली बघा. 'बिघडायला वेळ लागणार नाही.' ताईंनी मला लहानपणापासनं बघितलंय." ताई, त्याला दोन ओळी लिहा. त्याला वाचता येत नाही, आता सहादूभाऊजीच त्याचे मालक, तेच वाचून दाखवतील. तरी लिहा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नोझल धरलं आणि मागे नळी ओढायला कोण, तर आत्याबाई. लुगड्याचा काचा मारून, डोक्याला फडकं बांधून. "सरळ चाल," मला म्हणतात, "मागं बघू नको, मी ओढते." दुपारपर्यंत सगळी बाग झाली. खालच्या ओळींत मात्र पानांखाली डावणीची पांढरी बुरशी आली होती. तिथले घड गेले. ते आता परत येत नाहीत.

बाग कोणाची, हे दादांनी अजून सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

लंका


मळा, दिंडोरी
२५ नोव्हेंबर १९८२

चि. मथुरास,

अनेक आशीर्वाद. मला पत्रं लिहिता येत नाहीत, तुला माहीत आहे.

तुझ्या वहिनीने माझ्यापासून लपवलं, याचा राग मला अजून आहे. पण मी खाटेवर पडून म्हणायचो की दोन्ही इंजिनांचा आवाज मी झोपेतही ओळखतो. विहिरीचं इंजिन तीन आठवडे मरत होतं आणि मला तो आवाज गोड लागत होता. फवारणीच्या आवाजावर मी रोज तिला बोलत होतो. हे कोणाला सांगू.

काल सहादू आला होता. त्याला म्हटलं, बाग वाट्याने द्यायची नाही, लंकाच बघेल. तो म्हणाला, इंजिन पुन्हा बिघडलं तर? मी म्हटलं, तर ती बघेल.

खालच्या ओळी गेल्या. आपल्या घरातच सगळे खोटं बोलत होते, तोवर त्या गेल्या. मीही त्यात आलो. मी बाईला नाही म्हटलं नसतं तर तिला झुंबरच्या आड लपावं लागलं नसतं. हे तिला सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस, मी सांगेन.

झुंबरला हंगाम संपल्यावर परत यायचं असेल तर त्याने यावं. माझी हरकत नाही.

तुझा,
गोरक्ष


भोसरी, पुणे
२९ नोव्हेंबर १९८२

झुंबरभाऊ यांस,

हे पत्र तुम्हाला सहादूभाऊ वाचून दाखवतील. यात बारा वाक्यं आहेत, ती एका हाताच्या चार बोटांच्या पेरांवर मोजून घ्या, म्हणजे एखादं गळलं तर कळेल. फवारणीच्या इंजिनाचं तेल तुम्ही बदललं आणि बिघडवलं, असं मी दादाला लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. तुम्ही त्या तेलाला हातही लावला नव्हता, आणि तुम्हाला एका शब्दाने न विचारता मी तुमचं काम घालवलं. वहिनींनी तुमच्या दारात येऊन त्यांचं सांगितलं, माझं सांगायचं राहिलं होतं. तुम्ही सहादूभाऊंना हंगामाचा शब्द दिला आहे, तो मोडा असं मी म्हणणार नाही. हंगाम संपल्यावर वहिनींच्या बागेत तुमची जागा आहे, हे दादाच्या सांगण्यावरूनच लिहिते आहे. तुमची माफी मागते. दोन्ही इंजिनं आता ठीक चालतात. यंदाची बाग वाट्याने कोणालाही द्यायची नाही, ती लंकावहिनीच बघतील, असं दादाने मला स्वतःच्या हाताने लिहून कळवलं आहे. शेवटचं वाक्य सहादूभाऊंसाठी आहे: इथपर्यंत मोठ्याने वाचलंत, त्याबद्दल आभारी आहे.

मथुरा बोरस्ते